गोत्र निवडा

नागोजीराव कोणाच्या घरून उठून गेले, की ते तेथे येऊन गेले होते याचा कसलाही पुरावा मागे उरत नाही. पंखा त्यांच्यासाठी वाढवला असेल तर निघताना ते तो पूर्वीच्या आकड्यावर आणून ठेवतात. खुर्ची फरशीच्या ज्या रेषेवर होती त्याच रेषेवर परत जाते. वर्तमानपत्र पहिल्या पानावर मिटते. कॉफीचा पेला आणि त्याखालचा वाटीसारखा डबरा विसळून मोरीजवळ पालथे पडतात. एवढ्यावर थांबले असते तर मी त्यांना टापटिपीचे गृहस्थ म्हणून सोडून दिले असते. पण उंबऱ्यापाशी पोचल्यावर ते वळतात आणि विचारतात, "बोलणं कुठून सुरू केलं होतं आपण, शास्त्रिगळे?"

मी आठवून सांगतो, "उकाड्यापासून."

"हौदु. उकाडा फार झालाय," असे म्हणून ते मधल्या साऱ्या चर्चेवर पाणी फिरवतात, संभाषण जेथून उचलले होते तेथे नेऊन ठेवतात, आणि मग चप्पल पायात घालतात. "मोदलिनहागे!" हे त्यांचे निरोपाचे वाक्य. म्हणजे, पहिल्यासारखे; आणि शास्त्रिगळे म्हणजे शास्त्रीबुवा, अर्थात मी. आम्हां म्हैसूरच्या मराठी माणसांच्या बोलण्यात कन्नड असे न विचारता येऊन बसते, आणि आम्हीही त्याला उठवत नाही.

आमची घरे चामराजपुरमला समोरासमोर आहेत. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या घोडदळात होते. माझे पूर्वज त्या घोडदळाला मुहूर्त काढून देत. घोडे गेले, मुहूर्त उरले, त्यामुळे मी संस्कृत पाठशाळेत आयुष्य काढले आणि आता विठ्ठलमंदिरात संकल्प सांगतो. नागोजीराव एका कारखान्यातून निवृत्त झाले आणि ज्या वयात माणसे जपमाळ शोधतात त्या वयात संगणक शिकले. मंडी मोहल्ल्यातील कापडवाले, उदबत्तीवाले, रेशीमवाले यांची संकेतस्थळे ते घरी बसून बांधतात. दुकानदार त्यांच्यावर प्रसन्न असतात, परंतु त्यांना घरी बोलावायला थोडे भितात. एका उदबत्तीवाल्याच्या घरचा रेडिओ त्यांनी निघताना "मूळ केंद्रावर" लावून दिला. ते केंद्र बंद होऊन बराच काळ लोटला होता.

त्यांचा दंतवैद्य तिसऱ्या मजल्यावर आहे. वर पोचल्यावर नागोजीराव रिकामी लिफ्ट तळमजल्याला पाठवून देतात, कारण ती तेथे होती. दात काढून झाल्यावर, गालात कापूस घेऊन, ते जिन्याने उतरतात. लिफ्ट का बोलवत नाही, असे मी एकदा विचारले. कापसाआडून उत्तर आले, "ती तिच्या जागी आहे की! तिला सुम्ने, उगाच का हलवायचं?"

मंदिरात घंटा वाजवली की नाद पूर्ण विरेपर्यंत ते तेथेच उभे राहतात आणि मग लोलक दोन बोटांत धरून स्थिर करतात. मागची रांग खोळंबते, कोणी खाकरते. मला मात्र ते पाहणे प्रिय आहे. देवापुढून परतताना आपला आवाजही मागे ठेवू नये, हा भाव मला इतक्या वर्षांच्या पाठांतराने साधला नाही.

हा स्वभाव त्यांचा मुळातच होता. त्याचे व्रत झाले ते चैत्रा घर सोडून गेल्यापासून.

चैत्रा त्यांची एकुलती एक मुलगी. ती कॉलेजात असतानाच आई वारली. पुढे ती फिजिओथेरपी शिकली आणि बैलकुप्पेच्या तिबेटी वसाहतीतल्या एका दवाखान्यात कामाला लागली. नागोजीरावांनी इकडे बेंगळूरचे एक स्थळ पाहिले, कुंडल्या माझ्याकडून जुळवून घेतल्या, निश्चितार्थाचा, म्हणजे साखरपुड्याचा, दिवस ठरवला, कार्यालय ठरवले, स्वयंपाकी ठरवला आणि सर्वांत शेवटी मुलीला कळवले. तिने शांतपणे सांगितले की आपले माणूस तिने आधीच निवडले आहे. त्याचे नाव दोर्जे. तेथल्या शाळेत गणित शिकवणारा तिबेटी तरुण. त्यावर नागोजीराव काय म्हणाले ते मला ठाऊक आहे, कारण ते फाटकापाशी म्हणाले आणि मी तुळशीला पाणी घालत होतो. ते म्हणाले, "जा. या घरात काही फरक पडणार नाही. सगळं मोदलिनहागे राहील."

ती गेली. त्या वाक्याला तेव्हापासून ते जागत आहेत.

मध्यंतरी तिला मूल झाल्याचे कळले. मंदिराच्या कार्यालयात काम करणाऱ्या गिरिजाक्कांची भाची त्याच दवाखान्यात परिचारिका आहे. गिरिजाक्का उत्साहाने सांगायला आल्या, तर नागोजीरावांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "मुलगा की मुलगी, सांगू नका. नाव तर अजिबात सांगू नका. ते तिने सांगायचं."

"मग तुम्ही तिला फोन करून विचारा की, राव!"

"मी कसा करू? एकदा तिच्या आधी मी बोललो, त्याचं काय झालं ते बघितलंत ना. आता पहिला शब्द तिचा."

आणि पहिल्या शब्दाची वाट पाहत हा मनुष्य दर रविवारी कुशालनगरच्या बसमध्ये बसतो. ती बस बैलकुप्पेवरून जाते. नागोजीराव मात्र त्याच्या आधीच हुणसूरला उतरतात, स्थानकासमोर कॉफी पितात आणि परतीची बस धरतात. "हुणसूरची कॉफी म्हणजे फर्स्टक्लास, शास्त्रिगळे." त्या कॉफीची इतकी स्तुती ऐकली की एका रविवारी बाहेरचे न घेण्याचा माझा नियम मोडून मीही त्यांच्यासोबत गेलो. कॉफी पाणचट होती. नागोजीरावांच्या पेल्यावर साय धरली होती आणि ते आम्हांला उतरवून पुढे निघालेल्या बसच्या पाठीकडे पाहत होते. बस वळणाआड गेली, तेव्हा त्यांनी पहिला घोट घेतला.

आता मंदिराच्या संकेतस्थळाविषयी सांगितले पाहिजे.

एकादशीच्या अर्चनेसाठी घरबसल्या नाव नोंदवता यावे म्हणून एका हौशी भक्ताने ते बांधून दिले आणि तो परदेशी निघून गेला. त्यात नाव लिहायचे, नक्षत्र लिहायचे, आणि गोत्र मात्र यादीतून निवडायचे. बोट ठेवले की पडदा सोडावा तशी यादी खाली उतरते. तिला ड्रॉपडाउन म्हणतात, हे मला नागोजीरावांनी पुढे शिकवले. एक नोंद झाली की नाव पुसले जाई, नक्षत्र पुसले जाई, परंतु आधीच्या भक्ताचे गोत्र तेवढे हट्टाने तेथेच बसून राही. फोनवरून येणारी नावे गिरिजाक्का एकामागून एक भरत होत्या. पहिला फोन एका मौद्गल्य गोत्राच्या गृहस्थांचा आला, आणि एकादशीला विठ्ठलासमोर मी संकल्प वाचू लागलो तो अर्धे चामराजपुरम मौद्गल्य झालेले.

मी वाचत गेलो. ऋषी थोर आहेत, त्यांना संतती वाढल्याचे दुःख होणार नाही, असे मनाशी म्हणालो. पण गर्दीतून एक वृद्ध सुवासिनी पुढे आल्या आणि म्हणाल्या, "अहो शास्त्रिगळे, माझ्या बापानं मला भारद्वाजांत दिली. तुम्ही या वयात मला कुठे देऊन टाकताय?"

सारे हसले. नागोजीराव हसले नाहीत. आरती होताच ते कार्यालयात शिरले, संगणकासमोर बसले आणि थोड्या वेळाने काळवंडलेल्या चेहऱ्याने म्हणाले, "यादी मूळ जागी परत जात नाही. हे पाप आहे, शास्त्रिगळे. मागच्याचं उत्तर पुढच्याच्या कपाळी!"

त्या दिवसापासून ते संकेतस्थळ त्यांचे झाले. पानाच्या तळाशी 'अडचण आल्यास' म्हणून त्यांनी स्वतःचा नंबर घातला. दर नोंदीनंतर यादी आपोआप पहिल्या जागी परत जाईल, अशी व्यवस्था केली. पहिल्या जागी अकारविल्ह्याने अगस्त्य होते. पुढच्या एकादशीला जे जे घाईत होते ते सर्व अगस्त्य झाले.

"बरं झालं, राव," गिरिजाक्का म्हणाल्या. "मौद्गल्यांचा कंटाळाच आला होता."

मग त्यांनी पहिल्या जागी गोत्र ठेवलेच नाही. तेथे 'गोत्र निवडा' एवढेच शब्द ठेवले. प्रत्येक नोंदीनंतर यादी त्या शब्दांवर येऊन थांबू लागली. नागोजीराव तृप्त झाले. मला बोलावून त्यांनी ते अनेक वेळा करून दाखवले. "बघा. आता इथे कोणी बसलेलं नाही. येणाऱ्यासाठी जागा मोकळी." एखाद्याने अंगण सारवून दाखवावे तसे ते दाखवत होते. परंतु घाईतली माणसे मोकळी जागाही मोकळीच पुढे पाठवतात. त्या एकादशीला माझ्या हाती आलेल्या कागदावर एका नावापुढे जे छापलेले होते ते मी ओघात म्हणून गेलो, "निवडागोत्रोत्पन्नस्य." स्वर, संधी, सारे यथास्थित. कोणाच्या लक्षात आले नाही. केवळ तो यजमान नंतर येऊन अतिशय विनयाने विचारता झाला, "शास्त्रीजी, हे निवड ऋषी कुठले?"

याचे प्रायश्चित्त म्हणून नागोजीरावांनी अशी तजवीज केली की गोत्र निवडल्याखेरीज पानच पुढे जाणार नाही. आणि येथे खरा पेच पडला. ज्यांना आपले गोत्र ठाऊक नव्हते ती सारी माणसे त्या रकान्यापाशी येऊन अडली.

दशमीची दुपार होती. गिरिजाक्का फोन कानाला लावून थकल्या होत्या, नागोजीराव पडद्यासमोर, आणि मी तुळशीची पाने निवडत बसलो होतो.

"राव, हे काही चालायचं नाही," गिरिजाक्का म्हणाल्या. "लोक मला थांबवून आपापल्या मावशांना फोन करताहेत. एकजण म्हणाला, थांबा, आधार कार्डावर बघून सांगतो."

"करू देत की. त्या निमित्तानं मावशीला फोन तर होतो."

मी म्हणालो, "नागोजीराव, याला शास्त्रात वाट आहे. ज्याला आपले गोत्र ज्ञात नाही त्याने काश्यप म्हणावे, अशी जुनी व्यवस्था आहे. सारी प्रजा कश्यपाचीच मानलेली आहे. तेव्हा 'गोत्र निवडा' काढा आणि तेथे आधीपासून काश्यप ठेवून द्या. कोणी अडणार नाही."

"होत नाही, शास्त्रिगळे."

"यंत्राने होत नाही?"

"यंत्रानं होतं. माझ्यानं होत नाही. ते उत्तर त्यानं दिलेलं नसतं. तुम्ही दिलेलं असतं."

"मी नव्हे, ऋषींनी."

"ऋषींनी तरी त्याला एकदा विचारायचं होतं." मग बोटे कळफलकावरून न उचलता, माझ्याकडे न पाहता, ते हळू म्हणाले, "आपण आधीच भरून ठेवलं की माणूस निघून जातो."

मी तुळशीकडे वळलो. ऋषींची बाजू मांडण्याची ती वेळ नव्हती.

इतक्यात त्यांचा फोन वाजला. टंकताना हात मोकळे हवेत म्हणून ते फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात. "नमस्कार. विठ्ठलमंदिर, तांत्रिक अडचण. बोला."

पलीकडून एक मूल कुरकुरल्याचा आवाज आला. मग, "अर्चना बुक करायची होती. गोत्राजवळ अडकलंय. पुढे जातच नाही."

गिरिजाक्कांनी माझ्याकडे पाहिले. मी नागोजीरावांकडे. त्यांचे हात हवेत राहिले होते.

"मोबाइल की कंप्यूटर?" त्यांनी विचारले. आवाज एखाद्या कार्यालयाचा होता.

"मोबाइल."

"नेट आहे?"

"आहे."

"मग... पान एकदा रिफ्रेश करा."

"केलं."

"आता काय दिसतं तुम्हाला?"

"गोत्र निवडा."

"मग निवडा."

"तेच कळत नाही ना," ती म्हणाली. "ह्यांच्यात गोत्र नसतं. आणि माझं... माहेरचं घालायला चालत नाही, नाही का?"

नागोजीरावांनी माझ्याकडे पाहिले. ज्या माणसाने थोड्याच वेळापूर्वी ऋषींना जाब विचारला होता, तो आता डोळ्यांनी त्यांच्याकडेच याचना करत होता. मी ओठांनीच म्हणालो, काश्यप.

"शास्त्रिगळु बसलेत इथे," ते फोनमध्ये म्हणाले. "ते म्हणतात काश्यप चालतं. सगळ्यांना चालतं. ज्याला कुणाचं नाही त्यालाही चालतं. पण ते मी घालून ठेवणार नाही. ते तू... तूच निवड."

'तुम्ही' कोठे गळून पडले ते त्यांना कळलेही नसावे.

"निवडलं," ती म्हणाली. "तळाला नंबर होता म्हणून फोन केला."

"हो. तो माझाच आहे."

"माहीत आहे."

मंदिरातून कोणीतरी घंटा वाजवली. नागोजीरावांनी तिचा नाद पूर्ण विरू दिला.

"नाव?" नागोजीरावांनी विचारले.

"वर घातलंय की, अप्पा."

"इथे आलेलं दिसत नाही. तोंडी सांग."

मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो आणि पडदा मला स्पष्ट दिसत होता. नोंद आलेली होती. नाव पेमा, नक्षत्र रोहिणी, गोत्र काश्यप. गिरिजाक्कांनाही ते दिसले. त्या मदतीच्या भावनेने बोट उचलून तोंड उघडणार, तोच मी तुळशीच्या पानांची परडी त्यांच्या हाती दिली.

"पेमा," पलीकडून आवाज आला. "मुलगी आहे."

"मुलगी आहे," ते म्हणाले. मग एखादा कठीण शब्द विद्यार्थ्याने प्रथमच उच्चारावा तसे, "पेमा."

पेमा हे पद्माचेच रूप, उत्तरेकडे डोंगर चढून गेलेले.

"नक्षत्र?"

"रोहिणी. इथल्या सिस्टरनं ॲपवर बघून दिलं. एकादशीला तिला वर्ष पुरं होतंय, म्हणून म्हटलं, आपल्या देवळात..." ती थांबली. "गेलं का?"

त्या दुपारपर्यंत जन्मात खोटे न बोललेल्या माणसाने पडद्यावरील ती नोंद नीट पाहिली आणि म्हटले, "नाही गेलं. परत सगळं रिकामं झालं. मत्ते एकदा सांग."

तिने पुन्हा सांगितले. पेमा. रोहिणी. काश्यप. या वेळी त्यात थोडी भर पडली. वरचे दोन दात आले आहेत, असे तिने सांगितले. "वरचे आधी?" नागोजीरावांनी विचारले. "तुझे खालचे आधी आले होते." मग पुन्हा काही पोचले नाही आणि पुन्हा सारे सांगावे लागले. मूल भात खाते का, रात्री झोपते का, दोर्जे तिच्याशी कोणत्या भाषेत बोलतो, ती उभी राहते का, ही सर्व माहिती अर्चनेसाठी आवश्यक आहे असे त्यांच्या प्रश्नांवरून वाटू लागले. "वजन किती?" असे त्यांनी विचारले तेव्हा गिरिजाक्कांना राहवले नाही.

"अय्यो राव, अर्चनेला वजन कशाला लागतं?"

नागोजीरावांनी त्यांना हाताने गप्प केले. पलीकडे हसू आले. लहानसे, अडखळत आलेले.

"अप्पा," ती म्हणाली.

"हं."

"माझ्या फोनवर केव्हाच आलंय. 'आपली सेवा नोंदली गेली आहे.' पहिल्याच वेळी."

नागोजीरावांचे कान लाल झाले. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि न घालता हातातच धरला. मी गिरिजाक्कांना खूण केली. आम्ही दोघे आवाज न करता उठलो. मी माझी खुर्ची तशीच मागे ढकललेली ठेवली; नागोजीरावांचे तिकडे लक्ष नव्हते.

दारापर्यंत आलो तो मागून तिचा आवाज ऐकू आला. "परत सांगू का?"

"सांग," ते म्हणाले. "नावापासून सांग."